डाग आणि वण

माझ्या संग्रही आजमितीस सहाशेहून अधिक कुंचले आहेत असे सांगितले, तर एखादा भाबडा वाचक मला मोठा चित्रकार समजेल. आणि त्यांपैकी मी वापरतो ते अवघे तीन, असे पुढे सांगितले तर तोच वाचक मला कृपण समजेल. दोन्ही समज चुकीचे आहेत. मी चित्रकार नाही. शाळेत मी काढलेल्या गाईखाली गुरुजींनी स्वहस्ते ‘गाय’ असे लिहून ठेवले होते, यावरून माझ्या त्या कलेतील गतीची कल्पना यावी. आणि कृपणतेविषयी म्हणाल, तर या सहाशे कुंचल्यांपायी मला फारसा खर्चच आलेला नाही. ते लाकडाचे नाहीत, केसांचे नाहीत, भिजत नाहीत आणि वाळतही नाहीत. ते माझ्या संगणकातल्या फोटोशॉपमध्ये एका यादीत निमूटपणे पडून असतात.

या संग्रहाचा उगम लोभात आहे हे कबूल केले पाहिजे. दुकानात चांगल्या केसांचा एक कुंचला घ्यायचा तर माणूस दोनदा खिसा चाचपतो. येथे बोटाच्या एका टिचकीसरशी शंभर कुंचल्यांची जुडी घरात येऊन पडते. ढगांचे कुंचले, गवताचे कुंचले, पावसाचे, कोळशाचे, खडूचे. एडवर्ड मुंक हा नॉर्वेजियन चित्रकार १९४४ साली वारला. त्याचे खरे कुंचले ऑस्लोच्या संग्रहालयाने जपून ठेवले होते. २०१७ साली त्यांची बारकाईने छायाचित्रे घेऊन त्यांतील सातांचे संगणकी अवतार तयार करण्यात आले, आणि जो मागेल त्याला ते मिळू लागले. मीही मागितले. ज्या हाताने जगाला ती सुप्रसिद्ध किंकाळी दिली त्या हाताचा कुंचला आपल्या हाती आला, या आनंदात मी एक संध्याकाळ घालविली. माझ्या हातून जी किंकाळी उमटली ती ऐकून कोणीही मनुष्य फार तर घसा बसला आहे असे म्हणाला असता.

पण या रिकामपणाच्या उद्योगातून मला एक गोष्ट कळली, ती अशी की संगणकातला कुंचला हा मुळी कुंचलाच नव्हे. तो एक ठसा आहे. रांगोळीचे छाप असतात ना, तसा. आपण सफाईदार रेघ ओढली असे आपल्याला वाटते. वस्तुतः यंत्राने एकच गोल छाप अतिशय दाटीने एकापुढे एक उठवीत नेलेला असतो. नेहमीच्या गोल कुंचल्यात दोन छापांतले अंतर छापाच्या व्यासाच्या शेकडा २५ इतके ठेवलेले असते. ते वाढवून शंभराच्या पुढे न्या, की रेघेची माळ होते आणि तिचे मणी सुटे दिसू लागतात. ही सारी करामत उघडी पडलेली पाहून मला, पडद्यामागे जाऊन राजाला विडी ओढताना पाहणाऱ्या मुलासारखे काहीसे खिन्न वाटले; पण त्याबरोबरच कुंचला जुळवायचा म्हणजे नेमके काय जुळवायचे, हेही त्या दिवसापासून कळू लागले.

जुळवायचे ते मुख्यतः चार ठिकाणी. आकार तर उघडच आहे. चौकोनी कंसांच्या दोन कळा दाबून तो लहानमोठा करता येतो, आणि सवयीने डाव्या हाताची बोटे तेथे आपोआप जातात. दुसरी गोष्ट कडेचा कठीणपणा. तो पुरा शंभर ठेवला तर छापाची कड सुरीने कापल्यासारखी येते, आणि शून्यावर आणला तर ती धुक्यासारखी विरत जाते. मात्र मऊ कुंचल्याचे वर्तुळ पडद्यावर जेवढे दिसते त्याच्या बाहेरही त्याचा अंमल थोडासा पसरलेला असतो. हे ठाऊक नसल्यामुळे मी आरंभी पुष्कळांची नाके नकळत उजळून टाकली. उरल्या दोन गोष्टी, ओपॅसिटी आणि फ्लो. या दोहोंनी मला जितके छळले तितके तर्खडकरांच्या व्याकरणानेही छळले नव्हते. दोन्ही कमी केल्या की रंग फिका होतो, मग दोन नावे कशाला? शेवटी आमच्या जुन्या परसातला हौद आठवला तेव्हा उलगडा झाला. फ्लो ही तोटी. ती जितकी सोडावी तितके पाणी प्रत्येक छापाबरोबर पडते. ओपॅसिटी ही हौदाची कड. लेखणी न उचलता कितीही घासले तरी पाणी त्या कडेच्या वर चढत नाही. लेखणी उचलली, पुन्हा टेकली, की नवा हौद. शेकडा ३० च्या ओपॅसिटीने एकाच जागी दोनदा फिरविले तर ६० भरत नाहीत, ५१ भरतात. कारण दुसरा हात उरलेल्या सत्तरांवरच चालतो. मी हा हिशोब वहीत मांडून पाहिला तेव्हा माझी मुलगी म्हणाली, “बाबा, लोक हे नुसते डोळ्यांनी करतात.” करीत असतील. माझ्या डोळ्यांवर माझा तेवढा विश्वास नाही.

वाचक म्हणतील, चित्रे काढता येत नाहीत तर हा खटाटोप कशासाठी? तर जुन्या छायाचित्रांसाठी. नोकरीतून मोकळा झाल्यापासून नात्यागोत्यातली फाटकी, डागाळलेली, कसरीने खाल्लेली छायाचित्रे दुरुस्त करणे हे माझे काम होऊन बसले आहे. त्याची गोडी मात्र फार जुनी आहे. कोल्हापुरास आमच्या घराजवळ एक स्टुडिओ होता, आणि त्याच्या मागच्या खोलीत एक वृद्ध गृहस्थ उतरत्या मेजाशी दिवसभर वाकून बसलेले असत. मेजात एक दुधी काच, खाली आरसा, खिडकीतला उजेड आरशावरून काचेत येई आणि तिच्यावर ठेवलेली निगेटिव्ह उजळून निघे. मी आठदहा वर्षांचा होतो. न बोलता बसण्याच्या अटीवर मला तेथे बसू देत. ते अणकुचीदार शिसपेन्सिलीने निगेटिव्हवर मुंगीच्या पायाएवढ्या रेघा काढीत. छापलेल्या चित्रात जे काळे दिसायचे ते निगेटिव्हवर पारदर्शक असते. तेथे शिसे भरले की छाप उजळ येतो. डोळ्यांखालची वर्तुळे, कपाळाच्या आठ्या, मुरुमांचे खड्डे, सगळे ते शिशाने भरून काढीत. मग छापलेल्या कागदावर धुळीचे पांढरे ठिपके राहत, ते बुजविण्यासाठी त्यांच्याजवळ तीनचार केसांचे टोक असलेला एक कुंचला होता. तो ते ओठांत धरून टोकदार करीत, त्यामुळे त्यांच्या खालच्या ओठावर नेहमी एक राखी टिंब असे. ‘काळे ते भरायचे, पांढरे ते बुजवायचे,’ एवढेच त्यांनी मला शिकविले.

२००२ साली फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश नावाचा जो कुंचला आला, तो पाहिला तेव्हा मला त्या गृहस्थांची आठवण झाली. त्याच्या आधीचा क्लोन स्टॅम्प एका जागचा तुकडा उचलून दुसऱ्या जागी चिकटवी, एवढेच. ठिगळ पुष्कळदा ठिगळच दिसे. हा नवा कुंचला उचललेल्या जागेचा केवळ पोत घेतो, आणि छाया व रंग मात्र जिथे लावायचा तिथल्या आसपासच्या भागाकडून घेतो. गालावरचा डाग पुसायला कपाळाची त्वचा आणली तरी ती गालाची होऊन बसते. याच्या बाबतीत एक उलटी गोष्ट अनुभवाने कळली. नाजूक काम, म्हणून मी आधी कड मऊ ठेवीत असे. पण मऊ कडेपाशी फिल्मचा रवा पुसट होतो, आणि जुन्या वाड्याच्या भिंतीवर नव्या गिलाव्याचा चट्टा दिसावा तशी ती जागा गुळगुळीत होऊन ओरडू लागते. कड कठीण ठेवावी. मिसळण्याचे काम तो स्वतःच करतो. आणि केसांच्या किंवा लुगड्याच्या काठाच्या फार जवळ नेऊ नये, नाहीतर तिथला काळोख तो गालावर ओढून आणतो. आकार डागाहून किंचित मोठा, बस. लेखणीच्या दाबाने आकार बदलण्याची सोय मी बंद ठेवली आहे, आणि हाताचा कंप शोषून घेणारी सोय चांगली वर चढविली आहे. सत्तरीच्या आसपास हात आपला राहत नाही.

गेल्या पौषात माझी आत्या नव्वदाव्या वर्षी गेली. तेराव्यानंतर तिची ट्रंक उघडली, तीत दोन छायाचित्रे निघाली. एक १९५३ सालचे, तिच्या लग्नासाठी म्हणून काढलेले; दुसरे १९६१ सालचे, ती शाळेत शिक्षिका असतानाचे, पोस्टकार्डाच्या आकाराचे. भिंतीवर लावायला यांपैकी एक मोठे करून द्यावे, असे ठरले. आणि ते कोणी करायचे, याविषयी चर्चाही झाली नाही.

मी दुसरे निवडले. पहिले स्वच्छ होते, दुसऱ्यावर बुरशी होती, एक घडी पडलेली होती आणि खालचा कोपरा कसरीने खाल्लेला होता. तरी निवडले, कारण पहिल्यातली मुलगी माझ्या ओळखीची नव्हती. १२०० च्या मापाने स्कॅन केले. लांबीरुंदीचा गुणाकार २ कोटी ७७ लाख पिक्सेल भरला. घडी क्लोन स्टॅम्पने गेली. लुगड्यावरची बुरशी एका संध्याकाळी गेली. मग हीलिंग ब्रश ३० पिक्सेलवर आणून मी चेहऱ्याकडे वळलो. हे काम चालू झाले म्हणजे त्यात एक गुंगी असते. गहू निवडताना येते तशी. डाग दिसला, टिचकी. डाग दिसला, टिचकी. डाव्या गालावर अशी पाचसहा टिंबे गेली आणि मी सहज मागे सरून पाहिले, तो गाल एकाएकी परका वाटला.

आत्याला पाचव्या वर्षी देवी आल्या होत्या. तिच्या चेहऱ्यावर वण होते. मी जे पुसले होते ते कागदाचे डाग नव्हते.

येथे १९५३ ची हकीकत सांगणे भाग आहे. ती मला माझ्या आईकडून कळली. आजोबांनी आत्याला स्टुडिओत नेले आणि छायाचित्रकाराला हळूच काही सांगितले. चित्र आले ते असे, की त्यातल्या मुलीच्या गालावर एक ठिपका नव्हता. कोणाची तरी पेन्सिल त्या निगेटिव्हवर खूप वेळ चालली असली पाहिजे. माझ्या शेजारच्या वृद्धांची की आणखी कोणाची, हे मला ठाऊक नाही, आणि ते शोधण्याची मला इच्छाही नाही. पत्रिकेबरोबर ते चित्र सांगलीकडच्या एका घरी गेले, पसंत पडले, आणि मंडळी मुलगी पाहायला आली. मुलाच्या आईने पिशवीतून ते चित्र काढले, एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा आत्याकडे पाहिले, आणि ते पोह्यांच्या बशीशेजारी पालथे घालून ठेवले. कोणी काही बोलले नाही. चहा झाला, सुपारी झाली, मंडळी उठली. चित्र मात्र तेथेच राहिले. पुढे आत्याने कोठेही चित्र पाठवू दिले नाही. ती ट्रेनिंग कॉलेजात गेली, शिक्षिका झाली आणि पस्तीस वर्षे मुलींना गणित शिकवीत राहिली. तिचे लग्न झाले नाही. त्याला हे एकच कारण होते असे मी म्हणत नाही. पण ते चित्र तिने फाडले नाही, हे ट्रंकेने सांगितले.

आता माझ्या हातात ती पेन्सिल होती. त्या बिचाऱ्या कारागिराला निदान दोन तास वाकून बसावे लागले असेल. मला पाचसहा टिचक्या पुरल्या, आणि त्याही अजाणता. सुदैवाने मी मूळ चित्राला हात न लावता त्याच्यावर एक निराळा लेअर घालून त्यावरच सारी दुरुस्ती करीत होतो. पाटी पुसावी तशी ती पुसली. वण परत आले. पण त्यांच्याबरोबर बुरशीही परत आली, आणि खरा पेच तेथून पुढे सुरू झाला.

घरात मते पडली. माझा पुतण्या म्हणाला, “काका, सगळेच काढून टाका ना. भिंतीवर लावायचे आहे. आल्यागेल्याला चांगले दिसायला नको का?” त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, आजोबांच्या बोलण्यातही नसेल. त्याने आपल्या फोनवर त्या चित्राला एकच कळ दाबून दाखविली. हल्ली ही कृत्रिम बुद्धीची सोय झाली आहे. तिला कुंचला लागत नाही, म्हणून निवडावाही लागत नाही. क्षणार्धात एक तजेलदार, नितळ, मोठ्या डोळ्यांची बाई आमच्याकडे पाहू लागली. ती सुंदर होती. ती आमच्या घरातली नव्हती. पुतण्याचा मुलगा, वय वर्षे बारा, माझ्या खांद्यावरून मूळ चित्र पाहत होता. त्याने गालाकडे बोट दाखवून विचारले, “आजोबा, फोटो इथे असा का खराब झालाय?” मी सांगितले की तो खराब झालेला नाही, त्या देवी आहेत. त्याला काही उमगले नाही. देवी म्हणजे देवळातली, एवढाच अर्थ त्याच्या पिढीला ठाऊक. आणि त्याचे काय चुकले? या देशातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात सापडला. १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला आणि १९८० साली सारे जग. माझ्या लहानपणी प्रत्येक आळीत तसे चारदोन चेहरे होते, आणि त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नसे, लग्नाची बोलणी वगळता. या मुलाने तसा एकही चेहरा जन्मात पाहिलेला नाही. हे भाग्यच आहे. पण त्यामुळे त्याला चेहरा आणि कागद यांत फरक करता येत नाही. कुंचल्यालाही येत नाही.

मला तरी येत होता का? लाज वाटते, पण सांगतो. जो चेहरा मी जवळजवळ सत्तर वर्षे पाहिला, त्यावर वण कोठे कोठे होते हे मला आठवेना. उतारवयात सुरकुत्यांनी ते गिळून टाकले होते, हे खरे. तरी त्यापूर्वीची चाळीस वर्षे होतीच. माणसाच्या चेहऱ्याकडे आपण पाहतो ते हिशोबासाठी नव्हे. आता हिशोब हवा होता आणि वही कोरी होती.

दोन दिवस मी चित्राला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते चौपट मोठे करून नुसता पाहत बसलो असता एक गोष्ट ध्यानात आली. चित्र घेतले तेव्हा उजेड डावीकडून येत होता. नाकाची सावली उजवीकडे पडलेली आहे. वण म्हणजे खळगा. डावीकडून उजेड आला की खळग्याची डावी कड सावलीत जाते आणि उजवी कड उजळते. बुरशीच्या डागाला खोली नसते. तो कागदावर बसलेला असतो, त्याला त्या दिवशीच्या उजेडाची खबरच नसते. तो चहूकडून सारखाच असतो. एवढे सुचले आणि मग प्रत्येक टिंब आपली जात सांगू लागले. हे डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे: आत्याचे. हे नुसतेच काळपट: कागदाचे. मी कुंचला ३० वरून १२ वर आणला, कड पुरी कठीण केली, आणि एकेका टिंबापाशी थांबून उजेडाला विचारीत चाललो. कोठे डाग वणाच्या अर्ध्या भागावर चढून बसला होता. तेथे हीलिंग चालत नाही, ते डाग आणि खळगा दोन्ही गिळते. तेथे साधा मऊ कुंचला, ओपॅसिटी शेकडा १०, सहा पिक्सेल, आणि बुरशीचा काळेपणा तेवढा थोडथोडा उतरवायचा, खालचा खळगा दिसू लागेपर्यंत. वहीतला तो ५१ चा हिशोब येथे उपयोगी पडला. चार दिवस लागले. चेहऱ्याच्या उजेडातल्या भागावर एकूण तेवीस वण भरले.

राहिला सावलीतला भाग. उजव्या भुवईच्या वर एक टिंब होते, आणि तेथे केसांची सावली पडलेली असल्यामुळे माझी युक्ती चालेना. डावी कड नाही, उजवी कड नाही. सगळा एकच करडेपणा. ठेवावे तर कदाचित मी आत्याच्या कपाळाला बुरशी चिकटवीत होतो. काढावे तर कदाचित पुन्हा तेच, जे १९५३ साली झाले.

माझी थोरली बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लहानपणी ती आत्याच्याच अंथरुणात निजत असे. मी तिला बोलावून संगणकापुढे बसविले. तिची दृष्टी आता अधू झाली आहे. मी ते टिंब तळहाताएवढे मोठे करून दाखविले. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाली, “मला यात काही दिसत नाही रे.” मग तिने डोळे मिटले आणि उजव्या हाताचे बोट पुढे केले. बोट हवेतच थोडेसे फिरले आणि एका जागी थांबले.

“इथे नव्हे,” ती म्हणाली. “खाली. भुवईतच. तिथे केस नव्हते. निजताना माझे बोट त्यात बसायचे.”

मी चित्र सरकवून भुवईवर आणले. केसांच्या दाटीत एक बारीक फट होती. ती मला इतके दिवस रव्याचा दोष वाटली होती. दुसऱ्या दिवशी ती बुजवायची असे मी मनाशी ठरवूनही ठेवले होते.

“ही का?” मी विचारले.

ताईने डोळे उघडले नाहीत. “असेल,” ती म्हणाली, “बोट मात्र आता बसायचे नाही.”

मी कुंचला १० पिक्सेलवर आणला, आणि वरचे टिंब तेवढे काढले.